पुढे केलेली दहा मिनिटं

सर, मी चिडून लिहायला बसलेय, हे आधीच सांगते. संस्थेच्या अंकासाठी तुमच्याबद्दल चार शब्द द्या म्हणून सगळे मागे लागलेत. ते चार शब्द कुणीही लिहील. जन्म, शिक्षण, पदं, आणि शेवटी ‘पोकळी’. कसली डोंबलाची पोकळी! तिसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीवर कुणीतरी झेरॉक्सचे गठ्ठे ठेवून मोकळा झाला. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही मला भलत्या पेचात टाकून बरे निघून गेलात.

पेच सुरू झाला तुमच्याच घरी. तेराव्याला मी सदाशिव पेठेत आले होते. जेवणं झाली होती, खोलीत आम्ही पाच-सहा जण उरलो होतो, आणि तुमच्या उशिराच्या गोष्टी निघाल्या. स्वतःच्या सत्कार समारंभाला तुम्ही पाऊण तास उशिरा आलात, ती गोष्ट निघाली. सगळे हसले. काकूही हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्यांना वेळेवर घराबाहेर काढणं हा माझा जन्माचा उद्योग होता. बाहेरगावी जायचं असलं की मी आदल्या संध्याकाळी त्यांचं मनगटी घड्याळ गुपचूप दहा मिनिटं पुढे करून ठेवायचे. परत आले, आंघोळीला गेले, की पुन्हा मागे. इतकी वर्षं केलं, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही त्यांना.” आणि पदर डोळ्यांना लावला.

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. मग माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

कारण तुम्ही मला कितीदा सांगितलं होतंत, “रोहिणी, या कोकणातल्या एसट्या सुटायच्याच दहा मिनिटं उशिरा.” मी म्हणायचे, “असंल जी.” सर, एसटी वेळेवर सुटत होती हो! तुमचं घड्याळ पुढे होतं. आणि त्याच घड्याळावरून तुम्ही बंदरावर यंत्राची वेळ लावली होती.

तुम्हाला आठवत असेलच, पण मला पहिल्यापासून सांगू द्या, नाहीतर माझाच गुंता सुटायचा नाही.

पुण्यात बसून जहाजांचा धूर मोजता म्हणजे काय, असं आपल्याला जो तो विचारायचा. मुठेत जहाजं कधीपासून यायला लागली, असंही एकाने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “आली की तुम्हाला कळवू.” आपलं काम तसं सोपं होतं. जहाजाने गंधक कमी असलेलं तेल जाळावं असा नियम आहे. ते जाळतं की नाही, हे सरकार बघतं कागदावर; तेल घेतल्याची पावती आणि इंजिनरूमची नोंदवही. आपण म्हणालो, कागद राहू दे, धूर बघू. धक्क्यावर एक नळी लावायची, जहाज समोरून गेलं की धुराचा लोट वाऱ्याबरोबर नळीत येतो, यंत्र त्यातला गंधकाचा वायू आणि कार्बनचा वायू मोजतं, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून तेलात गंधक किती ते कळतं. त्या यंत्राला आपण ‘नाक’ म्हणायचो. आता नाकाला वास कळतो, नाव कळत नाही. नाव कळायचं दुसऱ्या पेटीवरून. प्रत्येक जहाज आपलं नाव आणि ठिकाण रेडिओवरून सतत सांगत असतं, ते ती पेटी उपग्रहाच्या वेळेसकट टिपून ठेवते. दोन्ही याद्या वेळेने जुळवल्या की अमुक धूर अमुक जहाजाचा. सगळा खेळ वेळेचा.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरची वीज गेली, नाकाचं घड्याळ शून्यावर आलं. तेलाचा धक्का, त्यामुळे फोन गेटवर जमा; ती दुसरी पेटी लांब बंदराच्या ऑफिसात. तुम्ही मनगट वर केलंत, घड्याळात बघितलंत आणि वेळ भरलीत. तक्त्यावर ‘वेळ लावली’ समोर तुमची सही. ‘वेळ तपासली’ समोर माझी. मी कशावर तपासली? माझ्या मनगटावर तर घड्याळही नव्हतं. संध्याकाळी गेटवर फोन हातात आल्यावर दोन मिनिटांचं काम होतं. तेही मी केलं नाही. शेवडे सरांनी लावलेली वेळ फोनवर पडताळून बघणं मला उद्धटपणाचं वाटलं. वीस वर्षं नागपूर, चंद्रपूर, पुणे करत मी कुणाकुणाशी भांडले, आणि जिथे भांडायचं तिथे शालीन झाले!

त्यानंतरच्या सगळ्या दिवसांचं जुळेना. धुराचे लोट नाकात येत होते आणि त्या वेळेला समोर जहाजच नसायचं. आपण त्यांना ‘बेवारशी’ म्हणायचो. मी म्हटलं, “सर, घड्याळ बरोबर होतं ना?” तुम्ही पुण्यात परत आला होतात, आंघोळ झाली होती, काकूंनी आपलं काम केलं होतं. तुम्ही मनगट माझ्या फोनशेजारी धरलंत. सेकंदाचाही फरक नव्हता. “बघ. तुझ्या जन्माच्या आधीपासून बांधतोय हे. वारा फिरला असेल.” मी मान्य केलं. समोर पुरावाच तसा होता.

जे मोजके लोट जुळले त्यांच्यात एक फार घाणेरडा होता, आणि तो ज्या जहाजाच्या नावावर पडला त्याचे चीफ इंजिनिअर निकम. विश्रांतवाडीचे. आपला प्राथमिक अहवाल बंदराकडे गेला, बंदराने कंपनीला पत्र लिहिलं, आणि कंपनीने निकमांना पुढचं जहाजच दिलं नाही. घरी बसवलं. मग ते आपल्याकडे आले, आठवतं? हातात फाइल, इस्त्रीचा शर्ट. “साहेब, बंदरात शिरायच्या कितीतरी आधी मी तेल बदललं होतं. ही नोंद, ही पावती, हा सील केलेला नमुना.” तुम्ही त्यांना बसाही म्हणाला नाहीत. “कागद काहीही बोलतो हो. हवा खोटं बोलत नाही.” त्यांनी फाइल मिटली. मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही तरी एकदा बघा.” मी मान खाली घातली.

ते गेल्यावर आपलं भांडण झालं, खरं भांडण. मी म्हटलं, सर, आपला आकडा जास्त आला की जहाजावर चढा, टाकीतलं तेल तपासा, एवढंच नियमात हवं. आकड्यावरून थेट दंड नको. माणसाला आधी बोलू तरी द्या. तुम्ही म्हणालात, “बोलू द्या! चढेपर्यंत टाकी बदललेली असते. बंदराशेजारच्या वस्तीतली पोरं खोकतात ती यांचं बोलणं संपायची वाट बघत नाहीत.” मी म्हटलं, “अन् आपणच चुकलो असू तं? काहून नाही ऐकायचं त्या माणसाचं?” तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “काहून आलं म्हणजे बाईसाहेब रागावल्या. उद्या बोलू.” तो उद्या काही आला नाही. नंतर कितीतरी महिने आपण एका खोलीत बसून कामाचं तेवढं बोललो, आणि मग तुम्ही गेलात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात दार लावून बसले आणि नाकाच्या सगळ्या वेळा दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटं मागे केल्या. एवढंच. एक आकडा बदलला. सर, बेवारशी एकामागोमाग एक जुळत गेले. मला ओरडावंसं वाटलं. तुमचं नाक इतकं नेमकं होतं, इतकं सुंदर काम करत होतं, आणि आपण वाऱ्याला बोल लावत होतो. मग मी त्या घाणेरड्या लोटावर आले. तो निकमांच्या जहाजाचा नव्हता. त्यांच्या दहा मिनिटं आधी जे पुढे गेलं होतं त्याचा होता. आणि निकमांचा धूर होता बेवारशांच्या यादीत. स्वच्छ. नियमात बसणारा. आपणच टाकून दिलेला.

ज्याचा धूर घाण होता त्या जहाजाची पावती मी मागवली. कागद अगदी चोख. म्हणजे तुमचंही बरोबरच होतं, कागद खोटं बोलतो. आणि ते तेल केव्हाच जळून गेलं, आता कुणी कशावर चढायचं? मी भांडण जिंकले आणि त्याच टेबलावर अर्धं हरलेही, आणि समोर तुम्ही नाही. असला फालतू विजय मला नको होता.

आता पुढच्याच गुरुवारी समितीची बैठक. नियमात आकड्याला किती वजन द्यायचं ते तिथे ठरणार, जहाज कंपन्यांचे वकील येणार. मी डायरेक्टरसाहेबांकडे गेले. काकूंचं बोलले नाही. नुसतं म्हटलं, वेळ दहा मिनिटं पुढे लागली होती, आकड्यांवरूनच सिद्ध होतंय, दुरुस्ती द्यायला हवी.

साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. “आत्ताच? बैठक होऊन जाऊ द्या.”

“निकमांना जहाज नाही मिळालं अजून.”

“मग असं लिहा, वेळ शेवडेंनी लावली होती. त्यांच्या हातून चूक झाली. तुमचं नाव कशाला मध्ये? त्यांचं आता काय बिघडणार आहे?”

सर, मी तुमच्यावर कितीही चिडले असेन, पण त्या वाक्याला माझ्या कानशिलात रक्त चढलं. तुमचं काय बिघडणार आहे! ज्या माणसाने मला नळी धरायला शिकवली, यंत्र बिघडलं की धक्क्यावर उन्हात त्याच्यावर स्वतःची छत्री धरली आणि मला म्हणाला, “तू घाम पूस, त्याला पुसता येत नाही”, त्याचं काही बिघडणार नाही म्हणे. मी म्हटलं, “तपासल्याची सही माझी आहे.” आणि उठले.

तरी खरं सांगायचं तर मलाही सगळं खरं लिहायचं नव्हतं. काकू डोळ्यांसमोर होत्या. ज्या गोष्टीवर त्या तेराव्याला हसल्या, ती जर समितीच्या कागदावर गेली तर? नवऱ्याची गाडी चुकू नये म्हणून केलेला उपद्व्याप, आणि त्यापायी एका माणसाची नोकरी गेली, हे मी त्या बाईला आता, या दिवसांत कसं सांगू? आकड्यांवरून सिद्ध होतंय ना, मग कारण कशाला हवं? मी लिहिलं : ‘यंत्राची वेळ लावताना व तपासताना मानवी चूक.’ बिबवेवाडीच्या घरी डायनिंग टेबलावर ते वाक्य मी दहा वेळा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं.

बैठकीत व्हायचं ते झालं. मी दुरुस्ती वाचली आणि कंपन्यांचे वकील हसले. “म्हणजे ज्यांना घड्याळ लावता येत नाही, ते आमची जहाजं पकडणार?” हॉलमध्ये हशा पिकला. मी म्हटलं, “हो, चूक आमची. ती आम्ही शोधली आणि आम्हीच सांगतोय. आता हा दुसरा तक्ता बघा.” तक्ता लावला. दहा मिनिटं मागे केल्यावर प्रत्येक धुराला आपापलं जहाज मिळत होतं, आणि चोख कागदाच्या जहाजाचा धूर सगळ्यांत काळा होता. हशा थांबला. मी दोन मागण्या मांडल्या. यंत्राची वेळ उपग्रहावरूनच यावी, माणसाच्या हाताने लागू नये. आणि आकडा जास्त आला की जहाज धक्क्याला लागताच अधिकाऱ्याने चढून तेल तपासावं. उद्या नाही, लगेच. ‘चढून तपासावं’ हे माझं आणि ‘लगेच’ हे तुमचं. दोन्ही लिहून घेतलंय त्यांनी. पुढे काय होईल ते माहीत नाही.

बाहेर निकम उभे होते; मीच त्यांना बैठकीला बोलावलं होतं, मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्या कंपनीला दुरुस्तीचं पत्र जाणार हे त्यांना आतच कळलं होतं. मला वाटलं आभार मानतील. छे!

“कुठे आहेत ते तुमचे साहेब? आठ महिने मी त्यांना काय काय ऐकवायचं ते पाठ करून ठेवलंय.”

“ते गेले.”

“म्हणजे?”

“वारले. महिना नाही झाला.”

ते एकदम चिडले, माझ्यावरच. “मी काय करायचं आता? माझी मुलगी मला विचारते, बाबा, तुम्ही खरंच घाण तेल जाळलं का? कॉलेजात शिकते ती. मी कुणाला जाब विचारू?” मी म्हटलं, मला विचारा. ते म्हणाले, विचारतो. घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलंच कसं? बरोबर दहा? मी म्हटलं, मानवी चूक. ते म्हणाले, “कुठल्या मानवाची?” मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शेवटी त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, “त्यांच्या घरचा पत्ता द्या. भेटून येतो. माणूस गेलाय म्हणता, तर रीत आहे.”

मी म्हटलं, विचारून कळवते. आणि रिक्षा करून थेट तुमच्या घरी आले, निकमांना इथे येण्यापासून कसं थोपवायचं याचा विचार करत. काकूंना म्हटलं, ऑफिसच्या कामातले एक गृहस्थ भेटायला येईन म्हणतायत, पण तुम्ही दमला असाल तर मी नको म्हणून सांगते.

“दमायला मी काय दगड फोडते? कोण गृहस्थ?”

मी काहीतरी चाचरले. काकूंनी भाजी निवडायचं थांबवलं. “रोहिणी, तेराव्याला तू चहा अर्धा टाकून उठलीस. तेव्हापासून बघतेय. काय आहे ते सांग.”

मग सांगितलं. वीज, मनगट, निकम, बेवारशी, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सांगून झाल्यावर काकूंनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. खाली कुठल्याशा क्लासची मुलं सुटली होती, स्कूटर सुरू होत होत्या.

“त्या गृहस्थांना नोकरी मिळेल परत?”

“मिळेल. पत्र जातंय.”

“आणि कागदावर तू काय लिहिलंस?”

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. “‘मानवी चूक’. म्हणजे कोणाची?”

“कोणाचीच नाही, काकू. म्हणजे माझी. मी तपासलं नाही.”

“इथे ‘लावताना’ लिहिलंय. लावलं त्यांनी.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “मला वाचवायला निघालीस आणि त्यांना निष्काळजी ठरवून आलीस. त्यांनी घड्याळात होतं तेच भरलं. ते त्यांच्या कामात कधी चुकले नाहीत. मला विचारलंस एका शब्दाने?”

मला विचारलंस. सर, हेच मी तुमच्याशी भांडत होते ना? निकमांना विचारा, माणसाला आधी बोलू द्या. आणि मी स्वतः काय केलं? काकूंना काय झेपेल, काय नाही, ते परस्पर ठरवून टाकलं, आणि वर त्याला माया समजत बसले. तुम्ही निकमांना बसा म्हणाला नव्हतात. मी काकूंना खोलीतच घेतलं नव्हतं.

“पेन घे,” काकू म्हणाल्या. “त्या ओळीवर काट मार. लिही. यंत्राची वेळ ज्या घड्याळावरून लावली ते घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. ते मी केलं होतं. माझं पूर्ण नाव लिही. आणि पुढे लिही, ‘त्यांना हे माहीत नव्हतं.’ त्याच्याखाली रेघ ओढ. आणि त्या निकमांना सांग, रविवारी सकाळी या. काय बोलायचं ते मला बोलू दे त्यांना.”

मी लिहिलं. काकूंनी खाली सही केली, तारीख घातली आणि भाजी पुढे ओढली. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, सर. कामं होती, आणि राग होता. ‘त्यांना हे माहीत नव्हतं’ याच्याखाली रेघ ओढताना आलं. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, “कागद भिजवू नकोस, तो उद्या द्यायचाय.”